घराचा गारवा, लेखांक ७ : सबंध घराला एकच यंत्र?

घर गार करणाऱ्या यंत्रांच्या दोनच जाती आहेत. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. या दुसऱ्या यंत्राचे खरे नाव उष्णतेचा पंप. त्याची दिशा उलटी केली की तेच यंत्र बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घर ऊबदार करते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात गेलेल्या मराठी कुटुंबांच्या घरांत ते तळघरात किंवा पोटमाळ्यावर बसवलेले असते आणि डक्टमधून, म्हणजे हवेच्या रुंद नळीतून, प्रत्येक खोलीत हवा पोचवते. तिथे सबंध घराला एकच यंत्र लागण्यामागे कारण आहे. बाहेर उणे पंधरा अंश असताना एखादी खोली तापवायची सोडली, तर तिथल्या नळातले पाणी गोठून पाइप फुटतात. वऱ्हाडात ही अडचण नाही. रिकामी खोली मे महिन्यात तापली तर तापली, तिचे काही बिघडत नाही. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीसारख्या गावात ‘सेंट्रल’ यंत्राचा विचार करताना पहिला प्रश्न तापमानाचा नसतो. कोणत्या खोलीत, दिवसाच्या कोणत्या वेळी माणसे असतात, हा असतो.

मेडशी हे मालेगाव तालुक्यातले, अकोला-वाशीम महामार्गावरचे गाव. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आत, तर वाशीम साडेपाचशे मीटरांच्या आसपास. पातूर सोडून घाट चढला की अकोल्याच्या तुलनेत दोनएक अंश कमी होतात. पण अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेलेल्या दिवशी मेडशीकरांना या सवलतीचे फारसे कौतुक उरत नाही. खरी सवलत हवेच्या कोरडेपणाची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर उतरते. कूलर जगतो तो याच कोरडेपणावर.

पाण्याची वाफ होताना प्रत्येक लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते आणि ती पॅडमधून जाणाऱ्या हवेतूनच येते. मात्र हवा किती उतरेल याला तळ आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, तो हा तळ. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान साडेबावीसच्या आसपास येते. चांगला पॅड या दोहोंतल्या अंतरापैकी ऐंशी टक्के अंतर कापतो, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २६-२७ अंशांची हवा मिळते. आता जूनचा दुसरा पंधरवडा घ्यावा. पहिला पाऊस होऊन गेला आहे, बाहेर ३४ अंश आहे आणि आर्द्रता ६५ टक्के. ओल्या फडक्याचे तापमान २८ च्या वर जाते आणि तोच कूलर तीसच्या जवळपासची, जवळजवळ भिजलेली हवा देतो. अंगाला चिकटपणा येतो, कपाटाची दारे फुगतात, मीठ पाणी सोडते. कूलर बिघडला म्हणून या दिवसांत मिस्त्रीला बोलावणारे पुष्कळ असतात. बिघडलेले काहीच नसते.

कूलर किती मोठा घ्यावा हे टाकीच्या लिटरांवरून ठरवण्याची चाल आहे. दुकानातली पाटीही ‘नव्वद लिटर’, ‘शंभर लिटर’ अशीच बोलते. टाकीवरून पाणी किती वेळ पुरेल एवढेच कळते. गारवा ठरतो तो हवेवरून. कोरड्या प्रदेशात खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे, हा ढोबळ हिशेब. बारा बाय पंधराची, दहा फूट उंच खोली म्हणजे १,८०० घनफूट. तिला मिनिटाला ९०० घनफूट, म्हणजे तासाला सुमारे १,५०० घनमीटर हवा लागते. कंपनीने छापलेला आकडा बहुधा अडथळ्याविना मोजलेला असतो. ओला पॅड, जाळी आणि खिडकीची चौकट यांतून जाताना हवा घटते, म्हणून निवडताना थोडा वरचा आकडा धरणे शहाणपणाचे.

एवढ्या हवेला पाणी किती लागते हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. वरच्या खोलीचा कूलर भर दुपारी ताशी दहा-अकरा लिटर पाणी उडवतो. दहा तास चालला तर शंभर लिटरांच्या वर. बोअरचे पाणी जड असेल तर क्षार साचू नयेत म्हणून टाकीतले थोडे पाणी रोज सोडून द्यावे लागते, ते वेगळे. आता हाच हिशेब सबंध घराला लावावा. हजार चौरस फुटांच्या घराला मिनिटाला ५,००० घनफूट हवा देणारा डक्ट कूलर गच्चीवर बसवला, तर तो दहा तासांत सहाशे लिटर पाणी पिईल. ज्या महिन्यात नळाला पाणी दिवसाआड किंवा आठवड्याने येते आणि टँकरची वाट पाहावी लागते, त्याच महिन्यात हे पाणी लागते. विजेचे बिल हलके म्हणून डक्ट कूलर घेणाऱ्याने टँकरचे पैसे त्यातच धरावेत.

डक्टला जागाही बरीच लागते. कूलरची हवा एसीच्या हवेइतकी थंड नसते, म्हणून ती भरपूर द्यावी लागते. मिनिटाला ५,००० घनफूट हवा फार आवाज न करता न्यायची तर मुख्य डक्ट पाच चौरस फुटांचा, म्हणजे दोन बाय अडीच फुटांचा हवा. बांधून झालेल्या घराच्या स्लॅबखाली तो बसवायचा तर खोल्यांची उंची जाते, आणि बाहेरून भिंतीच्या कडेने नेला तर उन्हात तापलेला पत्रा आतली हवा परत गरम करतो. डक्टचा विचार नकाशा काढतानाच केला तरच तो शोभतो. मंगल कार्यालय, जिनिंगचे ऑफिस, शाळेचे सभागृह अशा उंच छताच्या मोठ्या जागांना डक्ट कूलर उत्तम. तीन खोल्यांच्या घराला तो बहुधा अंगापेक्षा बोंगा मोठा.

आलेली हवा बाहेर जायला वाट हवी, ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. मिनिटाला येणाऱ्या दर हजार घनफूट हवेमागे समोरच्या बाजूला किमान दोन चौरस फूट खिडकी उघडी राहिली पाहिजे. दारे-खिडक्या लावून घेतल्या की खोलीतली हवा ओली होत जाते आणि तासाभरात मे महिन्यातही जूनचा चिकटपणा येतो. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या कूलरचे हेच होते, कारण तो आपलीच ओली हवा पुन्हा ओढत राहतो. कूलरची पाठ घराबाहेर आणि तोंड आत, हीच त्याची बसायची रीत. पाठ शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत यावी. पश्चिमेच्या उन्हात पत्रा आणि टाकीतले पाणी दोन्ही तापतात, शिवाय उन्हाने पॅडही लवकर खराब होतात. वर गोणपाटाचा किंवा हिरव्या जाळीचा मांडव केला तर फरक पडतो, फक्त त्याने पॅडकडे येणारी हवा अडता कामा नये.

पॅड दोन तऱ्हेचे मिळतात. लाकडाच्या तारेसारख्या किसाचे, ज्याला बाजारात सरळ ‘गवत’ म्हणतात, ते स्वस्त असते आणि दरवर्षी बदलावे लागते. ओले गवत खाली बसत जाते आणि वरच्या बाजूला फट पडते. त्या फटीतून गरम हवा तशीच आत शिरते. मोसमाच्या मध्यावर कूलर ‘उतरला’ असे वाटते ते यामुळे. कागदी हनीकोंब पॅड महाग, पण काळजी घेतली तर काही मोसम टिकतात. जड पाण्याने त्यांच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. तो खरडून निघत नाही, म्हणून पाणी सोडून देण्याची सवय इथे जास्त उपयोगी. वाळ्याच्या ताट्या या सगळ्यांच्या आधीच्या. आजही कोणी वास यावा म्हणून गवतात वाळा घालतात.

लोखंडी अंग, आत पाणी, ओल्या फरशीवर उघडे पाय आणि शेजारी वीज, एवढे सगळे कूलरमध्ये एकत्र येते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात, त्यांत मुले आणि पाणी भरणाऱ्या बायकाही असतात. तीन पिनांची वायर, खरे अर्थिंग आणि घराच्या बोर्डात विजेची गळती होताच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, या तिन्हींची किंमत कूलरच्या किमतीपुढे फार नाही. बेसॉल्टच्या खडकावरच्या काळ्या मातीत मे महिन्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही, म्हणून त्या खड्ड्यातही अधूनमधून पाणी ओतावे लागते. टाकीत पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढलेलीच असावी. बटण कित्येकदा न्यूट्रलच्या तारेत बसवलेले असते आणि बंद दिसूनही आतली तार जिवंत राहते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून सुकवणेही आलेच.

एसीला हवेचा कोरडेपणा लागत नाही. जूनमध्ये तो पाणी काढून हवा कोरडी करतो, आणि कूलर हरतो नेमका तिथेच एसी जिंकतो. त्याची ताकद टनांत मोजतात. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. एवढी उष्णता पाण्याने शोषायची तर ताशी सव्वापाच लिटर पाणी उडवावे लागेल. कूलर याहून जास्त पाणी पितो, कारण तो बाहेरची ४३ अंशांची हवा सतत गार करून सोडून देत असतो. एसी आतलीच हवा फिरवतो.

किती टनांचा एसी घ्यावा, हे खोलीच्या चौरस फुटांपेक्षा छत ठरवते. मागच्या लेखांकात टिनपत्र्याच्या छताचा विचार झाला. त्याचा आकडा इथे लागतो. भर उन्हात पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो, आणि १८० चौरस फुटांच्या खोलीत नुसत्या छतातूनच टनभर उष्णता उतरू शकते. भिंती, खिडक्या आणि माणसे अजून धरलेलीच नाहीत. अशा खोलीला दीड टनही अपुरा पडतो, आणि दोन टनांचा बसवला तर बिल परवडत नाही. पत्र्याखाली सिलिंग आणि वर पांढरा रंग दिला की तीच खोली एक टनात भागते. स्लॅबची गोष्ट थोडी वेगळी. तो दिवसभर ऊन साठवतो आणि दिवेलागणीनंतर खाली सोडतो, त्यामुळे झोपायच्या वेळेला खोली सर्वांत तापलेली असते. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ही उष्णता आत येऊच देत नाही. तिथे पंख्यावर भागत असेल तर यंत्राच्या नादी न लागणे बरे.

एसीवरच्या ताऱ्यांमागे आयएसईईआर नावाचा आकडा असतो. मोसमभरात यंत्राने किती उष्णता काढली आणि त्यासाठी किती वीज खाल्ली, याचे ते गुणोत्तर. ऊर्जा दक्षता ब्युरो तो वर्षाला १,६०० तास आणि २४ ते ४३ अंशांचे बाहेरचे तापमान धरून काढते. वऱ्हाडातली मेची दुपार या पट्ट्याबाहेर जाते. यंत्राची जाहीर क्षमता तर बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४५ ला ती घटते आणि वीज जास्त लागते, कारण उष्णता जितक्या गरम जागी ढकलायची तितके श्रम अधिक. म्हणून ताऱ्यांइतकेच लक्ष बाहेरच्या युनिटच्या कमाल तापमानाकडे द्यावे. पन्नासच्या पुढे चालणारी मॉडेल्स मिळतात. हे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीवरच्या तापल्या पत्र्याशेजारी न टांगता उत्तरेला, मोकळ्या हवेत ठेवले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे बसवणाऱ्याच्या हातात. तांब्याचे पाइप जोडल्यावर त्यांतली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंपाने खेचून काढायचा असतो. घाईत बरेच जण थोडा गॅस सोडून हवा ‘उडवतात’. मग पाइपात राहिलेला ओलसरपणा तेलात मिसळतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर बोलू लागतो. मिस्त्रीच्या पिशवीत पंप आणि गेज आहे की नाही हे दारातच पाहून घ्यावे, तेव्हा नाही म्हणणे सोपे असते. आतल्या युनिटला पाणी निघण्याच्या बाजूला किंचित उतार लागतो, नाहीतर भिंतीवर ओघळ येतात. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर यंत्र किती व्होल्टपर्यंत चालते ते पाहावे आणि गरजेप्रमाणे स्टॅबिलायझर लावावा. मीटरचा मंजूर भार पुरतो का आणि घरातली वायरिंग पेलते का, हे वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे.

मग मेडशीतल्या नेहमीच्या तीन खोल्यांच्या स्लॅबच्या घराने काय करावे? सबंध घराला एक यंत्र तर नकोच. दिवसा माणसांची ये-जा असते त्या बैठकीत कूलर ठेवावा. दार सारखे उघडले तरी त्याचे काही बिघडत नाही, उलट हवा खेळते. दोनशे वॉटच्या आसपास वीज घेत असल्यामुळे तो दहा तासांत दोनेक युनिटांवर भागतो. झोपायच्या एका खोलीला टनभराचा इन्व्हर्टर एसी लावावा आणि तो २४-२६ अंशांवर, सोबत पंखा लावून चालवावा. छत सावरलेले असेल तर रात्रीला साधारण चार-पाच युनिटे लागतात. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर आधी कूलर घ्यावा, आणि पाण्याचे हाल असतील तर आधी एसी.

‘हॉट अँड कोल्ड’, म्हणजे दिशा उलटवता येणाऱ्या एसीसाठी जास्त पैसे मोजावेत का, हाही प्रश्न दुकानात निघतो. हिवाळ्यात या भागात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, पण दिवसा ऊन असते आणि जाड भिंतीच्या घरात रात्रीही फारशी थंडी शिरत नाही. दुलईवर भागणाऱ्या थोड्याशा रात्रींसाठी दिशा उलटी करणारी झडप विकत घेण्यात अर्थ नाही. घरात दम्याचा रुग्ण, बाळंतीण किंवा फार म्हातारे माणूस असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा साध्या विजेच्या हीटरला लागते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या विजेत हे यंत्र तेवढीच ऊब देते.