डिमीटर आणि पर्सेफनी : आईची व लेकीची बाजू

ग्रीस देशाच्या पुराणकथा आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनांत वेळोवेळीं येतात. त्यांत पराक्रम करावा तो देवांनीं; देवी येतात त्या बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा कन्या म्हणून. त्या देशांत ख्रिस्ती धर्म पसरल्यावर ह्या देवतांची जुनी पूजा लोपली. परंतु त्यांच्या कथांत मनुष्याचें अंतःकरण बोलतें, म्हणून त्या अद्यापि ऐकण्याजोग्या आहेत. अलीकडे कांहीं लेखिकांनीं त्या स्त्रीच्या बाजूनें नव्यानें सांगितल्या आहेत. मॅडलिन मिलर ह्या अमेरिकन बाईंची ‘सर्सी’ (२०१८) ही कादंबरी त्यांपैकींच होय. पण ही दृष्टि अगदींच नवी नव्हे. एका प्राचीन ग्रीक स्तोत्रांत ती आढळते, तेंच आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

धान्याची देवी डिमीटर हिचें हें स्तोत्र सुमारें ४९५ ओळींचें असून तें ख्रिस्तपूर्व सातव्या किंवा सहाव्या शतकांतील असावें, असें विद्वानांचें मत आहे. त्याची हस्तलिखित प्रत इ. स. १७७७ मध्यें मॉस्को शहरीं सांपडली. ती आतां हॉलंडांतील लायडन येथें आहे.

डिमीटरची कन्या पर्सेफनी मैत्रिणींसह कुरणांत फुलें वेंचीत होती. नर्गिसाचें एक अपूर्व फूल पाहून तिनें हात पुढें केला, तोंच धरणी दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडीझ ह्यानें तिला रथांत घालून नेलें. मुलीचा बाप झ्यूस ह्यानें ह्या संबंधास आधींच संमति दिली होती. मुलीस कोणीं विचारलें नव्हतें, आईसही नाहीं.

आईनें नऊ दिवस अन्नपाण्यावांचून, हातांत मशाली घेऊन, पृथ्वी धुंडाळली. शेवटीं सूर्यदेव हेलिऑस ह्यानें तिला खरी हकीकत सांगितली, आणि वर समजूतही घातली कीं, शोक पुरे. हा जांवई कांहीं कमी योग्यतेचा नाहीं, तुझाच भाऊ आहे, विश्वाच्या तिसऱ्या हिश्श्याचा धनी आहे. स्थळ पाहतांना असे शब्द कोणत्या घरीं बोलले जात नाहींत? कुळ, मान, वैभव सर्व पाहिलें; पाहिलें नाहीं तें मुलीचें मन. पुढें अथेन्स नगरांत तर मुलीस देण्याचा अधिकार कायद्यानेंच बापाकडे असे, आणि बहुधा १४-१५ व्या वर्षीं तिचें लग्न होई.

डिमीटरचें समाधान झालें नाहीं. देवांची सभा सोडून ती म्हातारीच्या वेषानें अथेन्सजवळील एल्यूसिस गांवीं गेली. तेथें तिचें मंदिर उभें राहिलें. त्यांत ती एकटी बसून राहिली, आणि तिनें बीं उगवूं दिलें नाहीं. वर्षभर शेतें ओस पडलीं, मनुष्यजात नष्ट होण्याची वेळ आली, देवांचे नैवेद्यही बंद पडण्याच्या बेतास आले. झ्यूसनें एकामागून एक सर्व देव तिच्याकडे पाठविले. मुलगी डोळ्यांनीं पाहीन तेव्हांच धान्य उगवेल, हें तिचें एकच उत्तर. राहेलीचा विलाप ज्यांनीं पवित्र शास्त्रांत वाचला आहे, त्यांस हें दुःख परकें वाटणार नाहीं.

तेव्हां देवदूत हर्मीझ पाताळांत गेला व पर्सेफनी परत आली. पण निघण्यापूर्वीं हेडीझनें तिला डाळिंबाचा दाणा चारला होता, आणि तेथील अन्न खाल्लेल्यास तेथें परतावेंच लागतें. म्हणून वर्षाचा तिसरा भाग पाताळांत व दोन भाग आईजवळ, असा निवाडा झाला.

ह्या स्तोत्राचें मर्म लेक परत आल्यानंतरच्या भागांत आहे. हेडीझनें दाणा गुपचूप दिला, एवढेंच कवि आधीं सांगतो. परंतु आईनें विचारल्यावर मुलगी आपली हकीकत आपणच सांगते, आणि म्हणते कीं, माझ्या इच्छेविरुद्ध, बळजबरीनें मला तो खावयास लाविला. इतकेंच नव्हे, तर कवीनें ज्यांचा प्रथम मोघम उल्लेख केला होता, त्या वीसांहून अधिक मैत्रिणींचीं नांवें ती एकेक करून घेते. त्या दिवसाचें काय काय हिरावलें गेलें, हें तिलाच ठाऊक होतें.

ख्रिस्तजन्माच्या सुमारास होऊन गेलेल्या ओव्हिड ह्या रोमन कवीनें हीच कथा लॅटिनांत सांगितली. त्याच्या काव्यांत मुलगी बागेंत फिरतांना आपणच फळ तोडून सात दाणे खाते; आणि बाप म्हणतो कीं, ह्यास अपराध म्हणूं नये, हें तर प्रेम आहे. तथापि त्याच काव्यांत सायनी नांवाची एक जलदेवता हात पसरून रथ अडविते आणि मुलीस मागणी न घालतां हिसकावून नेल्याबद्दल त्या राजास खडसावते, हेंही सांगितलें पाहिजे.

गोष्ट एकच, परंतु सांगणारा बदलला कीं दोषही एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जातो. म्हणून, विद्यार्थ्यांनो, कोणतीही कथा किंवा इतिहास वाचतांना स्वतःस विचारीत जा कीं, ही हकीकत कोण सांगत आहे, आणि जिच्यावर प्रसंग गुदरला तिला बोलूं दिलें आहे काय? पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलीच्या शिक्षणाचा किंवा विवाहाचा विचार घरांत निघेल, तेव्हां तिला जवळ बसवून घ्यावें. लेक परत येतांच डिमीटरनें तिला कवटाळलें, काय घडलें तें विचारलें, आणि तिचें सर्व सांगणें संपेपर्यंत ऐकून घेतलें.