परवान्यावर ‘.३२’, पण काडतूस कोणते? रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांनी आधी हे तपासा

विटा : गलाईच्या धंद्यामुळे विटा आणि खानापूर तालुक्यातील माणसे देशभरातील सराफ बाजारांत विखुरली आहेत. सोने आणि रोकड सांभाळणाऱ्याच्या मनात शस्त्र परवान्याचा विचार येणे साहजिकच. पण परवाना मिळून रिव्हॉल्व्हर हाती आले, तरी दुकानात नुसते ‘.३२ द्या’ म्हणून भागत नाही.

कारण .३२ नावाची दोन वेगळी काडतुसे आहेत. कानपूरच्या ‘निर्भीक’सारख्या रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागते. ईशापूरच्या ‘अशनी’ पिस्तुलाला ७.६५ मिमी, म्हणजेच .३२ एसीपी. पिस्तुलाचे काडतूस आखूड असले, तरी त्याचा दाब जास्त असतो. गंमत म्हणजे ते रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये कधी कधी बसतेही. बसले म्हणून झाडायचे नाही! काडतुसाच्या पेटीवरचे आणि शस्त्रावर कोरलेले नाव जुळलेच पाहिजे.

सरावासाठी वेगळे काडतूस घ्यावे का?

स्पर्धेतील नेमबाज ‘वॅडकटर’ वापरतात. तिचे टोक सपाट असल्याने कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते आणि गुण मोजणे सोपे जाते. पण स्वसंरक्षणासाठी गोल टोकाची शिशाची गोळी भरणार असाल, तर थोडा सराव त्याच गोळीने हवा. धक्का आणि नेम हातात बसतो तो त्यातूनच. ही गोळी जेमतेम ६ ग्रॅमची. तिची ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे सगळा भरवसा नेमावर. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करायचा, मळ्यात नाही. लग्नाच्या वरातीत बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

चाप ओढला, पण बार झाला नाही तर?

रेंजवर असे झाले, तर लगेच पुन्हा चाप ओढू नका. सिलिंडर फिरतो आणि ते काडतूस नळीसमोरून बाजूला जाते. उशिरा पेटले, तर तिथेच फुटते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच सिलिंडर उघडा.

तेल, ओल, हिरवट गंज हे काडतुसाचे शत्रू. डाग पडलेले किंवा चेपलेले काडतूस वापरू नका. ते कचऱ्यातही टाकायचे नाही; काय करायचे ते परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारा.

किती काडतुसे बाळगता येतील, हा आकडा परवान्यावरच असतो आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आलाच, तर पावती घ्या आणि परत घेताना शस्त्राचा क्रमांक पडताळून पाहा.