तांबड्या निशाणाविना आलेला माल

माल जहाजावर चढवताना आम्ही व्यापारी भाडे विचारतो, विमा विचारतो. शेजारी काय भरले आहे हे क्वचितच. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी फ्रेंच 'माँ-ब्लाँ' आणि नॉर्वेचे 'इमो' यांची टक्कर झाली. 'माँ-ब्लाँ'च्या पोटात २,००० टनांहून अधिक स्फोटके आणि डेकवर बेन्झॉलची पिंपे! शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून तांबडे निशाणही नव्हते. पिंपे फुटून आग लागली. बिचारे लोक ती बघायला खिडक्यांशी जमले. वीसेक मिनिटांत स्फोट झाला. सुमारे २,००० माणसे दगावली, काचांनी कित्येकांचे डोळे गेले. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन'वरही स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्रच होत्या. आग लागली ती कापसाला.