गृहपाठ मुलाचा, नोंदी कुणाच्या?

बहारीनच्या शाळांत संगणक काही कोरोनामुळे शिरला नाही. 'किंग हमद स्कूल्स ऑफ द फ्युचर' हा प्रकल्प तिथे २००५च्या सुमारासच सुरू झाला होता. त्यामुळे २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सरकारी पोर्टल आणि मायक्रोसॉफ्ट टीम्सवर वर्ग भरवणं या छोट्या देशाला फारसं जड गेलं नाही. त्याचं कौतुक रास्तच आहे. पण पाटीवरची बेरीज पुसली की संपते. पडद्यावरची संपत नाही. मूल किती वाजता आलं, कोणत्या गणितावर किती सेकंद अडलं, फोन कुठला होता, हे सगळं मागे उरतं. शिक्षकाला यातलं थोडंच लागतं. मग उरलेलं कुणासाठी जमतं? ह्यूमन राइट्स वॉचने २०२२मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली ऑनलाइन शिक्षणाची साधनं तपासली, तेव्हा ८९ टक्के साधनांची माहिती हाताळण्याची रीत मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणारी दिसली. बरीचशी माहिती जाहिरात-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडे जात होती. मुलं नेमकी कुठे आहेत याची नोंद ठेवू शकणाऱ्या अ‍ॅपांत आपल्या केंद्र सरकारचं 'दीक्षा'ही होतं.

यावर कायद्याकडे बोट दाखवलं जातं. बहारीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०१८चा, १ ऑगस्ट २०१९पासून लागू. संमतीला त्यात मोठं स्थान आहे. पण शाळेनेच सक्तीचं केलेलं अ‍ॅप नाकारणाऱ्या पालकाने गृहपाठ आणायचा कुठून? नोकरीपायी तिथे गेलेल्या मराठी कुटुंबाला शाळा बदलणं तर आणखीच अवघड. अशी संमती म्हणजे निव्वळ सोपस्कार. अमेरिकेत २०२३मध्ये 'एडमोडो' या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीला ६० लाख डॉलरचा दंड झाला, तो मुलांची माहिती जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल. शिवाय पालकांच्या संमतीची जबाबदारी कंपनीने शाळांच्या गळ्यात मारली होती. सर्व्हर देशातच आहे, हा दिलासाही तोकडा. अ‍ॅमेझॉनची डेटा केंद्रं २०१९पासून बहारीनमध्ये आहेत खरी, पण माहिती कुठे साठवली आहे यावरून ती कोण वापरतं ते कळत नाही.

या नोंदींमुळे मागे पडणारं मूल वेळीच लक्षात येतं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. चाळीस वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला अशी मदत हवीच. पण त्यासाठी चुकलेली उत्तरं पुरतात. मुलाचं ठिकाण किंवा जाहिरातींसाठी वापरला जाणारा फोनचा ओळखक्रमांक लागत नाही. बसभाडं आणि गणवेशाचा दर पत्रकात छापणाऱ्या शाळेने अ‍ॅपवाल्याशी केलेला करारही त्यालाच जोडावा: काय घेतात, किती काळ ठेवतात, कुणाला देतात. कंपनी त्याला व्यावसायिक गुपित म्हणेल. तसं म्हणणारीला पुढल्या वर्षी कंत्राट द्यायचं की नाही, हे तर शाळेच्याच हाती आहे.