नोंदवहीतला गांजा

ऊस डोक्यावर गेला की आत काय पिकतंय ते बांधावरून दिसत नाही. सातारा-सांगलीत उसाच्या रानात गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात त्या यामुळेच. बातमीत माल किलोंत आणि रुपयांत मोजलेला असतो. त्याने कुणाच्या डोक्यात काय केलं, ते तिच्यात येत नाही.

तो हिशेब इंग्रज सरकारच्या हेम्प ड्रग्ज आयोगाने १८९३-९४ मध्ये मांडून पाहिला. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ जणांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. एकेक प्रकरण उकरल्यावर ९८च टिकली. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने सांगितलं ते कारकुनाने लिहिलं, असा बराचसा प्रकार होता.

पण म्हणून गांजा निर्दोष सुटत नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५ हजारांवर तरुणांची पुढची पंधरा वर्षं पाहिली गेली. पन्नासहून अधिक वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. इतर कारणं वजा केल्यावर आकडा बराच उतरला, तरी दुपटीच्या वर राहिला. बहुतेकांना काही होत नाही, हे खरंच. कट्ट्यावरचं ‘आमचा अमका वीस वर्षं ओढतोय’ पटतं ते त्यामुळेच. पण घरात आधी कुणाला मनोविकार असेल, ओढणं पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झालं असेल, रोज असेल आणि माल कडक असेल, तर धोका चढत जातो. मेंदूची जुळणी पंचविशीपर्यंत चालू असते. पेशींमधल्या संदेशांना आवर घालणारे रेणू मेंदू स्वतः बनवतो. गांजातला टीएचसी नेमकी त्यांचीच जागा बळकावतो.

अशा आजाराची सुरुवात बऱ्याचदा झोप उडण्यापासून होते. मग मुलगा मोबाइल तांदळाच्या डब्यात दडवतो, खिडकीच्या फटींत कागद कोंबतो, भिंतीपलीकडचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. महिना-दोन महिने देवऋषीकडे जातात, आणि उपचाराला सगळ्यात मोलाचे दिवस तेच असतात. वास्तविक व्यसनमुक्ती आणि मानसिक आजार दोन्हींवर काम करणारी ‘परिवर्तन’ साताऱ्यातच आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत लागतो.

उपचाराला गेलं की विचारतात, ओढणं कधी बंद झालं? बंद होऊन महिना उलटला तरी आवाज येतच असतील, तर डॉक्टर नशेपलीकडचा आजार शोधू लागतात.