चार ओळी तर चार ओळी!

अभ्यासिकेत माझ्या टेबलासमोर गेल्या वर्षी एक टाइमटेबल चिकटवलं होतं. पहाटे साडेचार ते रात्री अकरा, चार रंगांच्या स्केचपेनांनी आखलेलं. तीन दिवस अगदी घड्याळ लावून पाळलं. चौथ्या दिवशी जाग आली साडेसातला. मग काय, 'आजचा दिवस गेलाच, आता सोमवारपासून'. असे बरेच सोमवार आले आणि गेले.

सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करणाऱ्यांना हे नवीन नाही. आमची खरी गोची वेगळीच होती. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. इतकी वर्षं आम्ही गोल काळे करत आलेलो. आता पानंच्या पानं लिहायची म्हटल्यावर दोन पानांत बोटं आखडायची. 'रोज तीन उत्तरं' असं ठरवलं, तर आठवड्यात वही उघडायचीच भीती बसली. त्यात घरून पैसे पाठवताना बाबांचं हळूच, "यंदा बघ मग काय ते." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रूममेट म्हणाला, "तीन उत्तरं राहू दे रे. चार ओळी लिही. संध्याकाळचा चहा पिऊन आलास की लगेच."

हसायलाच आलं. चार ओळींनी कोण अधिकारी झालंय? पण चहा मी काही झालं तरी चुकवत नाही, हे त्याला बरोब्बर माहीत होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले बी. जे. फॉग हेच सांगतात, हे मला नंतर कळलं. दातांच्या फटी दोऱ्याने साफ करायची सवय लावायचीय? मग एकाच दातापासून सुरुवात करा, तीही ब्रश करून झाल्यावर. म्हणजे जे रोज आपोआप होतंच, त्याच्या शेपटीला नवीन गोष्ट बांधायची.

आणि ते '२१ दिवसांत सवय लागते' प्रकरण! त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकात सापडतं. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' कुठेतरी गळून पडला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडली: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही.

हे आधी कळलं असतं तर माझे कितीतरी सोमवार वाचले असते. आपण टाइमटेबल करतो ते जोशात असताना, आणि पाळायचं असतं ताप आलेला असताना, मेसच्या भाजीने पोट बिघडलेलं असताना, मित्राचा निकाल लागलेला आणि आपला राहिलेला असताना. चार ओळी तसल्या दिवशीही होतात.

फार मोठा चमत्कार वगैरे झाला नाही. पहिला महिनाभर खरोखर चारच ओळी व्हायच्या, त्याही रडतखडत. नंतर कधी पान भरायला लागलं, कधी अख्खं उत्तर. मध्ये गावी लग्नाला गेलो तेव्हा पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी पुन्हा चार. वाढवायचा मोह खूप होतो, पण रूममेटची सक्त ताकीद आहे की ठरलेलं चारच ठेवायचं, वरचं सगळं बोनस.

परीक्षेचं काय होईल, ठाऊक नाही. काल लाइट गेली होती, तर मोबाइलच्या टॉर्चमध्ये लिहिलं. अक्षर इतकं भयंकर आलंय की आज मलाच वाचता येत नाहीये. असो. साडेपाच वाजले, खालून चहासाठी हाका सुरू झाल्यात.