कार्यरत स्मृतीची रचना आणि बुद्धिमापन

एखादा दूरध्वनी क्रमांक कानी पडल्यापासून तो कागदावर उतरवेपर्यंत आपण मनातल्या मनात घोकत राहतो. कोणी मध्येच हाक मारली की तो निसटतो. माहिती काही क्षण धरून ठेवणे आणि त्याच वेळी तिच्यावर विचार करणे, हे कार्य करणाऱ्या मनोव्यवस्थेस मानसशास्त्रात 'कार्यरत स्मृती' म्हणतात. तिच्या रचनेचा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेपुरता वाटतो. परंतु मुलांच्या बुद्धीविषयी दिल्या जाणाऱ्या निर्णयांशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो.

१९५६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी तात्कालिक स्मरणाची मर्यादा सुमारे सात घटक, दोनने कमी वा अधिक, अशी मांडली. १९६८ मध्ये ॲटकिन्सन व शिफ्रिन यांनी अल्पकालीन स्मृती हे एकच कोठार असून त्यातूनच ज्ञान दीर्घकालीन स्मृतीत जाते, असे प्रतिपादन केले. परंतु १९७० साली शॅलिस व वॉरिंग्टन यांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. ऐकलेले दोन अंकही त्याला नीट सांगता येत नसत. तरीही नवे शिकण्याची त्याची क्षमता शाबूत होती. एकच कोठार असते तर हे कसे घडले असते?

१९७४ मध्ये ब्रिटनमधील ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी निराळी रचना सुचविली. एक मध्यवर्ती नियंत्रक लक्षाची वाटणी करतो. ऐकलेले शब्द मनात घोकून टिकविणारी एक शाखा, तर आकृती व स्थान सांभाळणारी दुसरी. २००० साली बॅडली यांनी या सर्वांस एकत्र गुंफणारा चौथा घटक जोडला. या रचनेविषयी आजही मतभेद आहेत. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये खरी मर्यादा सुमारे चार घटकांचीच असल्याचे मांडले.

बॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली आणखी एक गोष्ट दाखविली. उच्चारास कमी वेळ लागणारे शब्द अधिक लक्षात राहतात. सुमारे दोन सेकंदांत जेवढे उच्चारता येतील, साधारण तेवढेच. म्हणजे स्मरणाची मर्यादा केवळ घटकांच्या संख्येवर नव्हे, तर उच्चाराच्या वेळेवरही अवलंबून असते.

याचा सामाजिक अर्थ वेल्समध्ये प्रकट झाला. बुद्धिमापन चाचणीतील अंकस्मरणात वेल्श भाषेतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे गुण अमेरिकन मुलांच्या सरासरीहून कमी भरत. १९८० साली एलिस व हेनेली यांनी दोन्ही भाषा जाणणाऱ्या व्यक्तींवर प्रयोग केले. वेल्श अंकांच्या उच्चारास इंग्रजी अंकांहून अधिक वेळ लागतो, असे आढळले. तीच व्यक्ती इंग्रजीत अधिक अंक स्मरत असे, वेल्शमध्ये कमी. मनातील घोकंपट्टीस अटकाव करताच हा फरक नाहीसा झाला. न्यून मुलांच्या बुद्धीत नव्हते. मोजपट्टी भाषेचा वेळ मोजीत होती आणि निष्कर्ष मात्र बुद्धीविषयी काढला जात होता.

यातून आम्हांस एकच बोध घ्यावासा वाटतो. एखाद्या समूहाच्या मुलांचे गुण कमी दिसले की त्यांच्या जन्मजात क्षमतेकडे बोट दाखविणे सोपे असते. परंतु गुण नेमके कशाचे मोजले गेले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. कोणत्याही मुलाच्या माथी 'मंद' हा शब्द मारण्यापूर्वी शिक्षकाने व पालकाने मोजपट्टीच तपासावी. विज्ञाननिष्ठ वृत्तीचे हे पहिले कर्तव्य होय.